धोंड्याची उसंत

“वाढव,” अवधूतदादा म्हणाला.

पडद्यावर धोंड्या गुडघ्यावर आला होता. त्याच्या दगडी छातीला उभी भेग पडली, तिच्यातून निळा उजेड फुटला आणि तो डोंगराएवढा राक्षस भुगा होऊन खाली बसला. दादाने कंट्रोलर टेबलावर ठेवला, कागदावरची गार झालेली भजी तोंडात टाकली आणि पुन्हा म्हणाला, “वाढव गं. पहिल्याच झटक्यात मेला. ह्याला काय राक्षस म्हणायचं?”

“दादा, कालच वाढवलाय.”

“काय वाढवलंस? त्याचं रक्त वाढवलंस. नुसता जाड केलास त्याला. मारायला वेळ लागला म्हणजे अवघड होत नाही, वैजू. कंटाळवाणा होतो. आमच्या मावशीकडचं हळदीकुंकू चार तास चालतंय, म्हणून ते अवघड असतंय व्हय?”

तो बरोबर होता. आणि तो बरोबर असला की फार मोठ्याने बरोबर असायचा.

राजारामपुरीत एका टायरच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. माणसं सहा, आणि उन्हाळ्यात खालून येणारा रबराचा वास. निशिकांत सर बंगळूरची नोकरी सोडून गावी परतले होते आणि कोल्हापुरात बसून जगभर खेळला जाईल असा व्हिडिओ गेम काढायचा, हे खूळ त्यांनी आमच्याही डोक्यात भरलं होतं. गेममध्ये एका शापित नगरीच्या सात वेशी होत्या. तलवार, ढाल आणि गुरूने दिलेले मंत्र घेऊन खेळणाऱ्याने एकेक वेस ओलांडायची, आणि शेवटच्या वेशीवर हा दगडाचा राक्षस. कागदोपत्री त्याचं नाव शिलासुर. ऑफिसात सगळ्यांचा धोंड्या.

गेम सुरू करतानाच खेळणाऱ्याला विचारलं जायचं, किती अवघड हवंय? ‘गोष्ट’, ‘प्रवास’, ‘लढाई’ आणि ‘वज्र’ अशा चार पातळ्या. ‘गोष्ट’वर धोंड्याचा घण अंगावर बसला तरी ओरखडा आल्यासारखं, ‘वज्र’वर दोन घाव बसले की खेळ खलास. पण खरी मेख घावात नव्हती. धोंड्या घण वर उचलायचा आणि खाली आणण्याआधी जरासा थांबायचा. तेवढ्यात ढाल वर घेतली तर वाचलात. त्या थांबण्याला आम्ही उसंत म्हणायचो. ‘गोष्ट’वर उसंत अशी, की तेवढ्यात माणूस चहाचा घोट घेईल. ‘वज्र’वर पापणी लवली की घण डोक्यात. ती उसंत किती ठेवायची, घाव किती जिव्हारी लावायचा, हे आकडे ठरवणं माझं काम. मोठं नाव द्यायचं तर मी लढायांची रचनाकार होते. खरं म्हणजे दिवसभर आकडे वर-खाली करायचे आणि अवधूतदादाच्या शिव्या खायचे.

तो खेळून बघायचा. त्याचं पूर्वी स्टँडजवळ गेम पार्लर होतं. प्रत्येकाच्या हातात मोबाइल आले तसं ते बसलं. मग चाळिशीला टेकलेला हा माणूस काही दिवस नुसताच घरी होता, आणि ‘खेळत बसला आयुष्यभर’ हे सासऱ्यापासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांनी त्याला ऐकवून झालं होतं. निशिकांत सरांनी त्याला शोधून आणलं. आमच्यात ‘वज्र’ पातळीवर टिकणारा तो एकटाच. त्यामुळे ऑफिसात एक रीतच पडून गेली: ‘वज्र’ अवधूतदादाच्या हातांवर तोलायचं. तो एका झटक्यात जिंकला तर उसंत कमी करायची. सकाळभर हरत राहिला तर वाढवायची. दमछाक होऊन, धोंड्याच्या आईबापाचा उद्धार करून मग जिंकला, की आकडे बरोबर. बाकी कुणाला विचारायचं कारणच नव्हतं.

“माझं ह्या गेममध्ये एकच काम हाय,” तो म्हणायचा. “वज्र म्हणजे वज्र पाहिजे. अमेरिकेतल्या पोरानं जरी मारला, तरी त्यानं उठून घरच्यांना सांगितलं पाहिजे. तसं झालं की आमच्या सासऱ्याला नेऊन दाखवणार.”

त्या वर्षी होळीच्या आदल्या दिवशी आकडे जमले. सकाळपासून तो लढत होता, आम्ही सगळे पाठीमागे खुर्च्या ओढून बसलो होतो. धोंड्या पडला तेव्हा दादाने टेबलावर अशी थाप मारली की कुणाचा तरी चहा सांडला. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. “आता ह्याला हात लावायचा नाही,” तो म्हणाला. “बरोबरीची जोड लागली बघ.” निशिकांत सरांनी स्वतः खाली जाऊन सगळ्यांना कोल्ड्रिंक आणलं. मी ते आकडे बाजूला जपून ठेवले आणि आम्ही बाकीच्या वेशींच्या मागे लागलो.

धोंड्याकडे आम्ही परत वळलो ते पावसाळ्यात. चित्रं काढणाऱ्या मुलाने मधल्या काळात त्याचे हात नव्याने रंगवले होते, खांद्यावर शेवाळ वगैरे चढवलं होतं. बाकी काही बदललं नव्हतं. दादा खेळायला बसला आणि हरला. पुन्हा हरला. दुपारच्या जेवणापर्यंत हरत राहिला.

“हात बदलला नव्हं त्याचा?” तो म्हणाला. “त्यात वेग बिघडलाय. कमी कर जरा.”

कमी कर, हे शब्द त्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले.

“आकडे तेच आहेत, दादा.”

“आकडे तेच असतील. डोळ्याला जे दिसतंय ते बदललंय. शेवाळानं हात जड दिसतोय, म्हणून आपण गाफील राहतो आणि घण बसतो. तुला नाही कळायचं ते. कमी कर.”

ऐकायला पटण्यासारखं होतं. निशिकांत सरही म्हणाले, “अवधूत म्हणतोय तर असेल.” मी उसंत वाढवली. धोंड्या थोडा जास्त थांबू लागला आणि दादा दमछाक होऊन जिंकला. म्हणजे आकडे बरोबर.

गणपतीच्या सुमाराला तो पुन्हा हरू लागला. या वेळी दोष कंट्रोलरचा निघाला. बटण अडकतंय म्हणाला. सरांनी नवा कोरा कंट्रोलर आणला, दोन दिवसांत तोही अडकू लागला. मी पुन्हा उसंत वाढवली. या दिवसांत दादा चिडचिडा झाला होता. एरवी हरल्यावर राक्षसाला शिव्या घालणारा माणूस, आता माझ्यावर खेकसायचा. मग स्वतःच ओशाळून पाण्याची बाटली पुढे करायचा, “वैजू, टोपण काढ की ह्याचं. तुझी नखं लांब हाईत.” मी काढून द्यायची. शर्ट घालून येणारा माणूस टी-शर्टात येऊ लागला, तेव्हा मी चेष्टा केली, “काय दादा, कॉलेजात नाव घातलं का?” तो हसला. आम्ही दोघेही हसलो.

नवरात्रात शहराबाहेरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात महोत्सव होता. गेम दिवाळीत बाहेर पडणार होता, त्याआधी मुलांना खेळू द्यावा म्हणून सरांनी तिथे एक स्टॉल घेतला. एक टेबल, एक मोठा पडदा, वर मांडव. मी आणि दादा स्टॉलवर. पोरं येत होती, ‘प्रवास’वर नाहीतर ‘लढाई’वर खेळून जात होती. दादा एकेकाला चिडवत होता, “वज्रला हात लावू नको रे, घरी आई वाट बघत असंल.”

दुपारनंतर प्रणोती नावाची एक मुलगी आली. गळ्यात हेडफोन, एका हातात भेळेचा पुडा. पुडा माझ्या हातात देऊन ती बसली आणि तिने सरळ ‘वज्र’ निवडलं.

“बाळ, ते अवघड हाय,” दादा म्हणाला.

“बघते की काका.”

पहिल्यांदा ती मेली. दुसऱ्यांदा मेली. तिसऱ्यांदा तिने धोंड्याचे सगळे घण ढालीवर घेतले, एकही अंगाला लागू दिला नाही, आणि बघता बघता तो भुगा होऊन खाली बसला. तिच्या मैत्रिणींनीसुद्धा फार टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने वळून दादाकडे बघितलं. “काका, हे खरंच सगळ्यात अवघड आहे? तो घण उचलून किती वेळ थांबतोय. माझी भेळ खाऊन झाली असती.”

मुलं हसली. तिने काही वाईट हेतूने म्हटलं नव्हतं, पण दादाचा चेहरा पडला. “नशीब लागतं एखाद्याला,” तो म्हणाला. “हो बाजूला, दाखवतो तुला तो कसा असतोय.”

तो बसला. हरला. मांडवाबाहेरची पोरं आत आली. पुन्हा हरला. कुणी तरी शिट्टी घातली. तिसऱ्या वेळी प्रणोती त्याच्या शेजारी वाकली आणि हळूच म्हणाली, “काका, ढाल उशिरा उचलताय तुम्ही.”

“बटण अडकतंय.”

“आत्ता माझ्या हातात नव्हतं अडकत.”

इतकी वर्षं आम्ही त्याच्या पाठीमागे बसून त्याचा खेळ बघत आलो होतो, आणि सगळे बघायचो ते पडद्याकडे. खेळणाऱ्याच्या हातांकडे कोण बघतं? त्या दिवशी मी बघितलं. धोंड्याने घण उचलला. दादाचा उजवा अंगठा बटणावर होता, तो दाबायला निघाला आणि मधेच थरथरत राहिला. दाबण्याचा हुकूम सुटला होता, अंगठ्यापर्यंत पोचला नव्हता. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसाचा उंचवटा असतो, तो खोल गेला होता. घण बसला. दादाने कंट्रोलर खाली ठेवला आणि हात मांडीवर झाकून घेतला.

“चहा पिऊन येतो,” म्हणाला आणि गर्दीतून वाट काढत निघून गेला.

मुलं पांगल्यावर, स्टॉल आवरण्याआधी, मी एकटी खुर्चीत बसले आणि ‘वज्र’ निवडलं. ‘लढाई’च्या पुढे मी कधी गेलेली नव्हते; माझा खेळ इतका गचाळ, की दादा मला बघू द्यायचा, खेळू द्यायचा नाही. दुसऱ्याच प्रयत्नात मी धोंड्याला मारलं. धोंड्या अवघड झालाच नव्हता. आम्ही महिनोन्‌महिने त्याला सोपा करत आणला होता, आणि तरीही दादा त्याच्या मागेच पडत होता.

दुसऱ्या दिवशी मी दादाच्या बायकोला, उज्ज्वलावहिनींना फोन केला. त्या घरी ब्लाउज शिवायच्या. मागे मशीनचा आवाज चालू होता. मी हाताचं सांगितल्यावर तो थांबला.

“मला वाटलं मलाच दिसतंय,” त्या म्हणाल्या. “शर्टाची बटणं लागत नाहीत त्याला. मी विचारलं तर अंगावर येतोय.”

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं, पुण्याच्या डॉक्टरांनी तपासण्या करून दिवाळीच्या तोंडावर सांगितलं. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसाच मरत चालल्या होत्या. आधी हात, मग पाय, मग बोलणं, गिळणं, श्वास. औषध नाही. हे सगळं मला वहिनींनी त्यांच्या घराच्या जिन्यात उभं राहून सांगितलं, अगदी नीट, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं, आणि शेवटी म्हणाल्या, “डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहणार म्हणे.” मग त्यांनी भिंतीला टेकून तोंडात पदर कोंबला. मी त्यांचा हात धरून उभी राहिले.

त्याच आठवड्यात दादा ऑफिसात आला. निशिकांत सर उठून त्याला खुर्ची द्यायला गेले, तर म्हणाला, “बसा हो सर. पाय हाईत अजून.” मग माझ्याकडे वळला. “होळीचे आकडे जपून ठेवलेत का?”

“ठेवलेत.”

“तेच घाल. ते बरोबर होते. नंतरचे सगळे पुसून टाक.”

“अवधूत,” सर म्हणाले, “पण तू ते परत—”

“मारलाय की मी त्याला त्या आकड्यांवर. तुम्ही सगळ्यांनी बघितलाय. आता आणि काय पाहिजे?”

गेम दिवाळीत बाहेर पडला. लोकांनी तो खेळला, ‘वज्र’वर डोकी आपटली, धोंड्याला चार देशांच्या भाषांत शिव्या घातल्या. एका जपानी माणसाने लिहिलं, की त्याला मारल्यावर आपण बाहेर जाऊन शेजाऱ्याला उठवलं. ते मी दादाला वाचून दाखवलं. तो खूप हसला. आपल्या सासऱ्यालाही त्याने ते मला दोनदा वाचून दाखवायला लावलं. म्हातारा जाताना जावयाच्या डोक्यावरून हात फिरवून गेला.

मी दर रविवारी त्यांच्याकडे जाऊ लागले. दादाने पहिल्याच रविवारी सांगितलं, “वैजू, मला एकदा परत मारायचाय तो. पातळी कुठली का असंना. एकदा.”

‘वज्र’ त्याने स्वतःच सोडलं. “ते गेलं,” म्हणाला, रिटायर झाल्यासारखा. हिवाळाभर तो ‘लढाई’वर लढला. संक्रांतीनंतर म्हणाला, “एक पायरी खाली घे.” उन्हाळा लागला तसा ‘प्रवास’ही आवरेना. डावा हात कामातून गेला होता. कंट्रोलर उशीवर ठेवून तो उजव्या हाताची दोन बोटं वापरायचा. मी म्हटलं, “दादा, ‘गोष्ट’ लावू?” मला वाटलं तो भडकेल.

“लाव की. त्यात लाज कसली? सगळ्यांसाठीच केलीया आपण ती.”

पण ‘गोष्ट’वरही तो हरू लागला. धोंड्या घण उचलायचा, उभा राहायचा, राहायचा, आणि त्या एवढ्या मोठ्या उसंतीत दादाचं बोट बटणापर्यंत पोचायचं नाही. घाव बारीक होते, पण एकामागून एक बसत राहिले की शेवटी खेळ संपायचाच. तो हरायचा आणि म्हणायचा, “परत.”

एका रविवारी वहिनींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. ओट्यापाशी पाठ करून उभ्या होत्या.

“आकडे तूच घालतीस ना त्याचे?”

“हो.”

“मग एकदा जिंकू दे की त्याला.” त्या वळल्या. “दिवसभर दुसरं काही बोलत नाही बघ. रविवारची वाट बघतोय, आणि रविवारी हरतोय. रात्रभर जागा असतोय. मला त्याला घास भरवावा लागतोय, कूस बदलायला लागतीय, ते सगळं मी करतोय, तक्रार नाही माझी. पण ही एक गोष्ट मला द्यायला येत नाही. तुझ्या हातात हाय.”

मला नाही म्हणवलं नाही. कोण म्हणू शकलं असतं?

पुढच्या रविवारी मी निराळाच धोंड्या घेऊन गेले. हा घण उचलायचा आणि खेळणाऱ्याची ढाल वर येईपर्यंत खाली आणायचाच नाही. दादा उशीला टेकून बसला होता. वहिनी दारात उभ्या. खेळ सुरू झाला. पहिला घण ढालीवर बसला. दुसरा ढालीवर. दादाचे डोळे चमकले, वहिनींनी माझ्याकडे बघितलं. धोंड्याला दोन-चार वार लागले. त्याने पुन्हा घण उचलला.

दादाने बोट बटणावरून काढून घेतलं.

धोंड्या घण उगारून उभा राहिला. दादा बघत राहिला. खाली रस्त्यावरून भांडी-मोड घेणारा ओरडत गेला, त्याचा आवाज लांब विरून गेला, तरी धोंड्या तसाच.

“हा मारत का नाही?” दादाने विचारलं. त्याचं बोलणं तोवर जड झालं होतं. एकेक शब्द ओढून काढावा लागायचा.

“थांबलाय.”

“कुठवर?”

खोटं बोलायचं मी ठरवून आले होते. त्याच्याकडे बघून ते जमेना. “तू ढाल घेईपर्यंत,” मी म्हणाले.

“मग मी लढायलोय कुणाशी?”

वहिनी दारातून पुढे आल्या. “तिला काही बोलू नको. मी सांगितलं होतं तिला.”

“बोलत नाही.” तो थांबला, दम घेतला. “माया हाय तुमची. पण माझं ऐका. ह्या खोलीत येतोय तो प्रत्येक माणूस मला बरं वाटंल म्हणतोय. डॉक्टर म्हणतोय, भाऊ म्हणतोय, तुझे वडीलसुदिक म्हणायला लागलेत. सगळ्यांनी घण उगारून धरलाय, कुणीच खाली आणत नाही. हा एक धोंड्या माझ्याशी खरं वागायचा. मी हललो नाही, की हाणायचा. ‘गोष्ट’वर उशिरा हाणतोय, हळू हाणतोय, पण हाणतोय. ते राहू दे मला.”

“हरशील, दादा,” मी म्हणाले. मला रडू आवरत नव्हतं.

“हरंन की.”

“दर वेळी हरशील.”

“मारू दे गं मला,” तो म्हणाला.

मी तिथेच बसून जुना धोंड्या परत आणला. त्याने घण उचलला, थांबला, ‘गोष्ट’वर थांबायचा तेवढाच, आणि खाली आणला. दादाचं बोट निम्म्या वाटेत होतं. “लागला,” तो म्हणाला, आणि किती तरी दिवसांनी त्याच्या तोंडावर मी तो जुना, चिडलेला, लढाऊ भाव बघितला. वहिनी आत गेल्या. मशीन सुरू झाल्याचा आवाज आला.

त्यानंतरच्या सगळ्या रविवारी तो खेळला आणि हरला. बोट उचलेनासं झालं तेव्हा त्याने वहिनींना बटणावर बोट ठेवायला सांगितलं. तो नजरेने खुणावायचा, त्या दाबायच्या. वहिनींना त्या खेळातलं काही कळत नव्हतं. डोळे पुसत, दात-ओठ खात त्या दाबायच्या, नेहमी उशिराच. मी समोर बसलेली असायची. धोंड्या मारत राहिला आणि मी एकही आकडा बदलला नाही.

पुढच्या पौषात दादा गेला. धोंड्याला तो पुन्हा कधीच मारू शकला नाही.

वर्षश्राद्धाला मी गेले होते. पाहुणे उठून गेल्यावर वहिनी माझ्याशेजारी येऊन बसल्या. वर्षभरात आम्ही त्या विषयावर एक अक्षर बोललो नव्हतो.

“एक विचारू?” त्या म्हणाल्या. “त्याला कळलं नसतं असं काही करता आलं असतं का तुला? थोडं थोडं करून. संशय येणार नाही असं.”

“आलं असतं,” मी म्हणाले. खरं तेच होतं. तो घण उगारून थांबलेला धोंड्या मी घाईघाईत, गचाळपणे केला होता. शांतपणे बसले असते तर दादाला शेवटपर्यंत कळणार नाही, असा करता आला असता.

“मग?”

“दादा मारू दे म्हणाला होता.”

“आणि मी जिंकू दे म्हटलं होतं.” वहिनींनी मांडीवरचा पदर सारखा केला. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर मला बरं वाटलं असतं. “तू त्याचं ऐकलंस. बरं केलंस, असं माझ्या तोंडून कधी यायचं नाही, वैजू. मी म्हातारी झालो तरी यायचं नाही.”

मी जावं म्हणून पर्स उचलली, तशा त्या उठल्या.

“बस,” त्या म्हणाल्या. “पान वाढलंय. जेवल्याशिवाय जाऊ नको.”